नावांचा तागा

शिवणाच्या जयमाला म्हात्रेबाईंनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं राहून तिसऱ्यांदा "नाही" म्हटलं, तेव्हा दाराशी ट्रे घेऊन उभा असलेला जोतीराम शिपाई चहा तसाच परत घेऊन गेला. त्याला अनुभव होता. बाईंचं पहिलं नाही म्हणजे विचार चालू आहे, दुसरं म्हणजे विचार झाला, आणि तिसऱ्यानंतर चहा कोणी पीत नसे.

भानगड तशी लहान होती, निदान वैदेही मॅडमना तरी लहान वाटत होती. मॅडम दोन वर्षांपूर्वी प्राचार्य म्हणून आल्या, राहायला खारघरला, कामाला वाघ. शाळेला नवा हॉल मिळावा म्हणून त्यांनी चपला झिजवल्या होत्या. तो बांधून द्यायला अखेर हिरामण भोपी तयार झाले. जासईच्या पट्ट्यात एकेकाळी भाताची खाचरं कसणारं घर, आता त्याच जमिनीवर यांच्या सात-आठ बिल्डिंगा उभ्या. हिरामणशेठनी बदल्यात फार काही मागितलं नाही. त्यांचं शेंडेफळ भाविका यंदा दहावीला होती. तिचं नाव तेवढं शाळेच्या ताग्यावर पूर्ण यावं, भाविका हिरामण भोपी असं, आणि सोनेरी जरीत यावं.

"एका ओळीचा तर प्रश्न आहे, म्हात्रेबाई," मॅडम म्हणाल्या. "एवढं टेन्शन कशाला घेताय?"

"मी कुठं घेतेय? टेन्शन तुम्ही घेताय," बाई म्हणाल्या. "तिथे बापाचं नाव येत नाही. शंभर वर्षांत एकाही बापाचं आलेलं नाही. माझ्या हातून तर नाहीच येणार."

"मे महिन्यात तुम्ही रिटायर होताय. ट्रस्टने तुम्हाला दोन वर्षांचं एक्स्टेंशन द्यायचं ठरवलंय, तेही मी भांडून. जरा त्याचाही विचार करा."

बाईंनी विचार केला. बाहेर जाऊन दार लावून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तो झाला.

आता हा तागा म्हणजे काय, ते सांगायला हवं. शाळेचं खरं नाव सेंट वर्बर्गा गर्ल्स हायस्कूल. हे नाव इथल्या कोणाच्या जिभेवर आजवर बसलेलं नाही, म्हणून सगळा मुलूख तिला मडमेची शाळा म्हणतो. जासईकडून येताना कंटेनरची यार्डं संपली की डाव्या हाताला एक टेकाड लागतं, त्यावर काळ्या दगडाची बैठी इमारत आणि शेजारी छोटंसं चॅपल. अँग्लिकन मिशनच्या मिस टॅलबट नावाच्या बाईने ती काढली. तेव्हा इथे रस्ता नव्हता, खाडीतून होडी यायची. मडमेने मिठागरात आणि खाचरात राबणाऱ्या लोकांच्या दारोदार फिरून सात पोरी जमवल्या. मडम काही देवमाणूस नव्हती. पोरींनी जमिनीवर बसून जेवलेलं तिला खपत नसे, आणि उशीर झाला की छडी काढायची. चॅपलची सक्ती तिने कोणावर केली नाही, पण शिवणाच्या तासाला मात्र देव आला तरी सुट्टी नव्हती.

त्या सातांतली मैना नावाची मुलगी सगळ्यांत आधी लग्न होऊन गेली. मडमेने तिला पत्र धाडलं. महिन्याने ते परत आलं, या नावाची बाई गावात नाही म्हणून. मडम पडली हट्टी, ती होडीत बसून स्वतः गेली. तर मैना तिथेच होती, चुलीपाशी भाकऱ्या थापत. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, सावित्री. पोस्टमनने दारात विचारलं तेव्हा सासूने खरंच सांगितलं होतं की आमच्याकडे मैना कोणी नाही.

मडम परत आली ती पनवेलच्या बाजारातून मांजरपाटाचा एक तागा घेऊनच. उरलेल्या सहा पोरींना तिने ओळीने बसवलं, हातात लाल दोरा ओवलेली सुई दिली आणि सांगितलं, यावर आपापलं नाव घाला. बाहेर तुमचं नाव कोण काय करेल ते मला ठाऊक नाही, इथलं कोणी बदलणार नाही. नियम तीनच. नाव फक्त स्वतःचं, बापाचं नाही, गावाचं नाही, जातीचं नाही. हात स्वतःचा. आणि एकदा घातलेलं उसवायचं नाही, चुकलं तरी तसंच राहू द्यायचं. मैनाचं नाव तेवढं त्यावर नाही. ती पुन्हा शाळेत आलीच नाही.

तेव्हापासून दरवर्षी तीन फेब्रुवारीला, संत वर्बर्गाच्या सणाच्या दिवशी, शाळा सोडणाऱ्या मुली लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून साखळी टाक्याने नावं घालतात. समोरासमोर बसल्यामुळे निम्मी नावं उलटी येतात. कापड संपलं की नवं मांजरपाट जोडायचं. चौतीस साली एका मुलीने घाईघाईत तागा स्वतःच्या परकराला शिवून टाकला, शेवटी परकर कापावा लागला, आणि ते हिरवं ठिगळ अजून तिच्या नावाखाली आहे. त्या दिवशी गावोगावच्या म्हाताऱ्याही येतात. साठ वर्षं शांताबाई नाहीतर लक्ष्मीबाई म्हणून जगलेली बाई चष्मा लावून वाकते, शोधते, आणि एका नावावर बोट ठेवून नातीला सांगते, "ही मी हाय."

जयमालाबाईही त्यावर होत्या, चौऱ्याऐंशी सालच्या ओळीत. पण जयमाला म्हणून शोधलं तर सापडायच्या नाहीत.

मिठागरात काम करणाऱ्या बापाची ती चौथी मुलगी, गोजरा. बाप पाय खरवडलेले घेऊन घरी यायचा, आई त्यावर तेल लावायची, आणि गोजरा शेजारी बसून मोठमोठ्याने पाढे म्हणायची, कारण बापाला ते ऐकत झोप लागायची. शाळेत जायला दोन मैल. वाटेत एकदा एक पोरगा चिडवायला लागला, तर तिने त्याची सायकल खाडीच्या चिखलात ढकलली आणि वर त्याच्या घरी जाऊन सांगून आली की सायकल अमुक ठिकाणी आहे, काढून घ्या. दहावी झाली. दोन वर्षांनी कळंबोलीच्या सिताराम म्हात्रेंशी लग्न ठरलं. लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम करणारा शांत माणूस. मांडवात तांदळाचं ताट पुढे आलं आणि त्यात जयमाला लिहिलं गेलं.

"मना इचारलं का कोनी?" गोजराने भर मांडवात विचारलं.

आई म्हणाली, गप गो. सासू म्हणाली, पोर बोलकी हाय. सिताराम मात्र रात्री घाबरत घाबरत म्हणाला, "घरात मी गोजराच बोलेन, चालेल?" तेवढ्या एका वाक्यावर तिने त्याला पुढची चाळीस वर्षं सांभाळून घेतलं. बाकी जगाला ती जयमाला झाली, कागदोपत्री तेच चढलं, आणि शिवणकामाचा कोर्स करून ती आपल्याच शाळेत लागली तेव्हा हजेरीपटावरही तेच आलं.

शाळेतल्या तिच्या भांडणांची यादी मोठी आहे. शिवण बंद करून त्या तासाला कॉम्प्युटर लावायचा ठराव आला, तेव्हा ती ट्रस्टच्या मीटिंगमध्ये न बोलावता जाऊन बसली आणि सगळ्या सदस्यांना आपापल्या शर्टाचं बटण लावून दाखवायला सांगितलं. एकालाच आलं. तास वाचला. दोन हजार पाचच्या जुलैत खाडी टेकाडाच्या पायथ्याच्या ऑफिसात शिरली. जुनी रजिस्टरं, दाखले, वह्या, सगळ्याचा लगदा झाला. तागा त्याच ऑफिसच्या कपाटात होता. बाईंनी तो डोक्यावर घेतला आणि छातीभर पाण्यातून चॅपलमध्ये नेऊन ठेवला. त्या पुरानंतर शाळेत कोण शिकून गेलं याचा पुरावा म्हणून तेवढा तागाच उरला.

तर अशा बाईला वैदेही मॅडम एक्स्टेंशनची भीती घालत होत्या.

भाविकाला बापाच्या या मागणीचं काहीच माहीत नव्हतं. पोरगी अभ्यासात बरी, शिवणात पार कच्ची. तिचा साखळी टाका सरळ निघाला तरी वाटेत कुठेतरी वळायचाच. महिनाभर ती मधल्या सुट्टीत रुमालावर नाव घालून बाईंना दाखवत होती.

"बाई, हा 'भ' बघा ना, पडल्यासारखा वाटतोय."

"पडू दे. तुझा आहे ना? मग झालं."

एक फेब्रुवारीला ऑफिसातून निरोप आला की तागा फोटो काढायला हवाय, माहितीपत्रकात छापायचाय. बाईंनी दिला. इथे त्यांचं चुकलं. पस्तीस वर्षांत त्यांनी तागा नजरेआड होऊ दिला नव्हता, पण फोटोला नाही कसं म्हणायचं? आणि सगळ्यालाच नाही म्हणते असं शाळेत त्यांच्यामागे बोललं जायचं, ते त्यांना ठाऊक होतं. एकदा हो म्हणून बघितलं, तर असं झालं.

तीन तारखेला सकाळी तागा परत आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जुन्या हॉलमध्ये आईबाप भरलेले, चॅपलचे पाळकसाहेब प्रार्थना सांगून बाजूला झालेले, बेचाळीस मुली टेबलापाशी सुया घेऊन बसलेल्या. नववीच्या दोघींनी तागा उलगडला. यंदाच्या कोऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये, चार बोटं उंचीच्या सोनेरी अक्षरांत, मशीनवर भरलेलं नाव झळकत होतं. भाविका हिरामण भोपी. भरताना कापडाच्या मागे चिकटवतात तो कागदही तसाच होता.

पुढच्या रांगेत हिरामणशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हसऱ्या चेहऱ्याने बसले होते, फोटोवाला तयारीत होता. भाविकाने नाव बघितलं, हातातली सुई बघितली आणि बापाकडे वळली.

"हे कोणी केलं?"

"पनवेलला भरून घेतलं," हिरामणशेठ कौतुकाने म्हणाले. "तुजं जरा वाकडं येतं ना बाला, म्हनून. फोटो निघनार, पेपरात येनार."

"मग मी महिनाभर काय करत होते, बाबा?"

भाविकाचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही, हे बाईंना आवडलं.

जयमालाबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली. त्या टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या, कापड उलटं केलं आणि पहिला सोनेरी टाका कापला. मग कोपर टेबलावर घट्ट टेकवलं. दुसरा टाका कापला. तिसरा.

वैदेही मॅडम धावत आल्या. "म्हात्रेबाई, काय करताय? इथे उसवायचं नाही हा तुमचाच नियम ना?"

"घातलेलं उसवायचं नाही, असा नियम आहे. हे कुणी घातलेलं नाही, हे मशीनने छापलंय. तुम्ही माझ्याकडून फोटोला म्हणून नेलंत आणि हे केलंत. हात धरायचा तर धरा, पण मग कात्री लागेल."

"सगळ्यांसमोर सांगते, एक्स्टेंशनचं विसरा."

"ठेवा तुमच्याकडं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मे महिन्याला अजून तीन महिने आहेत. तेवढ्यात मी हे दहा वेळा उसवीन."

मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी जोरात हसलं. मॅडम लाल झाल्या, पण चारशे माणसांपुढे एका शिवणाच्या बाईच्या हातून कात्री हिसकावून घेणं त्यांना जमलं नाही.

तेव्हा हिरामणशेठ उठले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, गरजच लागत नसे. "बाई, ऐका जरा. मी काय परका नाय. माजी आय याच शालंची. बासष्ट सालची मॅट्रिक. या सगल्या गावांत तवा मॅट्रिक बाई दाखवा मना. तिच्यासाठी तर मी हॉल बांधतोय. या कापडावर माजा पन हक्क हाय का नाय?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा हिरामणशेठकडे नीट बघितलं.

"हाय ना," त्या म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांची शाळेतली भाषा गळून पडली. "कोन बोलतं नाय? या इकडं. आयचं नाव दाखवा. आयचं नाव दाखवलंत तर मी कात्री ठेवते, तुमाला काय घालायचंय ते घाला."

नववीच्या मुलींनी तागा मागच्या सालांकडे उलगडायला घेतला. ऐंशी, पंच्याहत्तर, सत्तर. दर सालाच्या सुरुवातीला निळ्या दोऱ्यात आकडा घातलेला. बासष्टवर त्या थांबल्या. हिरामणशेठ मोठ्या डौलाने वाकले आणि खिशातून चष्मा काढला.

अकरा नावं होती. त्यांनी एकदा वाचली, मग परत वाचली.

"यात पार्वती नाय," ते म्हणाले.

"पार्वती सासरचं असेल. माहेरचं काय होतं?"

हिरामणशेठनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. साठीला आलेला, सात-आठ बिल्डिंगांचा मालक असलेला माणूस पुन्हा त्या कापडावर वाकला.

"आय गेली तवा मी बारा वर्सांचा होतो," ते हळू म्हणाले. "बाबा तिला अगो बोलायचे. आजी सूनबाय बोलायची."

"मामा?"

"मामा तिला ताय बोलायचा. प्लॉटावरून आमचं तुटलं. करोनात गेला तो." मग बाईंकडे वळून, "तुमच्या रजिस्टरात असंल ना, बाई? बापाचं नाव, गाव, असं?"

"रजिस्टरं पुरात गेली."

दर भांडणात शेवटचं वाक्य आपलंच असलं पाहिजे, ही बाईंची जन्माची खोड. तसं एक वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही होतं, जरीत बापाचं नाव भरा आणि आईचं शोधत बसा, असं काहीतरी. त्यांनी ते गिळलं. त्या आपल्या स्टुलावर परत गेल्या आणि उरलेले सोनेरी टाके कापून काढले. मागचा कागद टराटरा फाडला. कापडाला बारीक भोकांची नक्षी राहिली, तिला इलाज नव्हता.

"बस," त्यांनी भाविकाला सांगितलं.

भाविका बसली. तिने लाल दोरा ओवला आणि त्या भोकांवरच नाव घालायला घेतलं. बाकीच्या एक्केचाळीस मुलींनीही सुया उचलल्या. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, तर जोतीरामने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. वैदेही मॅडम पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसून बघायला लागल्या. बाई मुलींच्या मागून फिरत होत्या, कोणाचा दोरा गुंतला तर सांगत होत्या, हात मात्र कोणाच्याच कापडाला लावत नव्हत्या.

भाविकाचा 'भ' पडल्यासारखाच आला. तिने शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि बापाला हाक मारली. त्याला ऐकू गेलं नाही. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बासष्ट सालापाशी, पांढऱ्या पँटीनिशी फरशीवर गुडघे टेकून बसला होता आणि एकेका नावाखाली बोट ठेवून ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता, गंगू, वनिता, हौसा, फुलवंती, मथुरा. अकराव्या नावाशी पोचला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.